तळमजल्याच्या चार सह्या

शनिवारी दुपारी तीनला सगळ्यांनी आईच्या पाळणाघरात जमायचं ठरलं होतं आणि थोरला अडीचलाच येऊन बसला होता. बसलाही कुठं, तर पोरांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे पार हनुवटीशी आलेले. धाकटी सकाळपाळी संपवून रुग्णालयातून थेट तिकडेच आली. दारातूनच तिला हसू आलं, पण भावाच्या हातातली मोजपट्टी दिसली आणि हसू जागच्या जागी विरलं.

"काय मोजतोयस, दादा?"

"भिंत. मोजली तर काय झिजते का?"

धाकटीनं चपला काढल्या. सकाळी साडेसहापासून ती उभी होती. नवजात बाळांच्या कक्षात आज दोघीच परिचारिका होत्या आणि बाळं नऊ. तिथून निघताना मोठ्या सिस्टरबाईंनी पुन्हा विचारलं होतं, "कक्षाची जबाबदारी घेणार की नाही, एकदाचं सांगून टाक. सकाळी सात ते संध्याकाळी सात थांबावं लागेल." तिनं "सोमवारी सांगते" म्हटलं होतं. नवरा मालवाहू गाडी घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिच्या अडीच वर्षांच्या चिंगीला कोण बघणार, यावर सगळं अडलं होतं. आणि ते या तळमजल्यावर ठरायचं होतं.

वडील गेल्यावर घर चौघांच्या नावावर झालं होतं: आई, थोरला, मधला आणि धाकटी. वर थोरल्याचा संसार, खाली दोन खोल्या आणि फरसबंद अंगण. त्या दोन खोल्यांत आई अडतीस वर्षं पाळणाघर चालवत होती. गल्ली तिला मावशी म्हणायची. ज्यांना तिनं लहानपणी झोपवलं होतं, ते आता आपली पोरं तिच्याकडे आणून सोडत.

पालिकेनं गेल्या वर्षी नवी योजना काढली होती. अशी घरगुती पाळणाघरं पालिका आपल्या खर्चानं चालवणार. सांभाळणाऱ्या बायका शिकलेल्या, पगारी. तान्ह्या मुलांना चारांमागे एक बाई. सकाळी सहा ते रात्री आठ उघडं, आणि आईबापांनी ऐपतीप्रमाणे फी भरायची. अट एकच होती, जागेच्या सगळ्या मालकांनी दहा वर्षांसाठी संमती द्यायची. अर्ज पुढे सरकला होता, पाहणी झाली होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत चार सह्या हव्या होत्या.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्या जागेच्या मालकानं त्याला दोन महिन्यांत निघायला सांगितलं होतं. म्हणून मोजपट्टी.

मधला आला तो घाम पुसत. हा शाळेत शिकवायचा, एकटाच राहायचा, आणि घरात त्याला 'होबा' म्हणत, कारण जो शेवटचं बोलेल त्याला तो "हो बाबा, बरोबर आहे" म्हणायचा. मागोमाग वरून वहिनी उतरली. मटाराच्या शेंगांची परात घेऊन ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मान वर न करता शेंगा सोलायला लागली. आई सगळ्यांत शेवटी आतल्या खोलीतून आली. शनिवारी दुकानांत, कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची पाचच मुलं असत. ती आत झोपली होती, चिंगीही त्यांत. मदतनीस बाई शनिवारी दुपारी घरी जायच्या.

आईनं आतलं दार अर्धवट लोटलं आणि त्याला पाठ करून, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी बसली.

सगळ्यांची तोंडं दिसतील अशी. का, ते एकट्या धाकटीला कळलं.

आठ दिवसांपूर्वी चिंगीला न्यायला ती मागच्या दारानं आली होती. "आई" म्हणून हाक मारली, आईनं वळून पाहिलं नाही. हातातून वाडगा निसटला, फरशीवर खणखणत गेला. आईची मान हलली नाही. धाकटी रोज जन्मलेल्या बाळांच्या कानाशी खुळखुळा वाजवून त्यांची तपासणी करणारी. तिनं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आईच्या पाठीमागे उभं राहून वाजवला. डावीकडे, मग उजवीकडे. मग जुडगा पर्समध्ये टाकला आणि पुढून जाऊन "काय गं, काय चाललंय?" म्हणाली. आई छान बोलली. ओठांकडे बघत.

तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दादा आजच्या आज कुलूप लावेल. सांगू नये, तर रोज सकाळी स्वतःची पोर ती त्याच खोलीत सोडत होती.

"हं, करा सुरू," थोरला म्हणाला. "मी आधीच सांगतो, माझा विरोध आईला नाही. पण दहा वर्षं म्हणजे काय गंमत आहे? एकदा पालिका घरात शिरली की आपण आपल्याच घरात पाहुणे."

"पाहुणे कशानं? भाडं देणारेत, करार आहे," धाकटी म्हणाली.

"पैसा कुणाचा पण? तुमचा-आमचाच. ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी का भरायचा? ह्यानं का भरायचा?" त्यानं मधल्याकडे बोट केलं. मधला उगाचच ओशाळला. "ज्यानं त्यानं आपली पोरं आपण सांभाळावीत. आमच्या वेळी कुणी आलं होतं का द्यायला?"

"तुमच्या वेळी मी होते," आई म्हणाली.

मधला खुदकन हसला आणि थोरल्याची नजर वळताच गप्प झाला.

"दादा, पोर सहा वर्षांचं झालं की शाळा देतात ना? शाळेचा पगार कोण देतं होबाला? तेव्हा नाही कुणी विचारत," धाकटीचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून सहा वर्षांपर्यंत ते पोर हवेवर वाढतं का? माझ्या कक्षात बाळंतीण तिसऱ्या दिवशी रडते. दुखतंय म्हणून नाही. कामावर परत कधी जाऊ आणि याला कुठं ठेवू, म्हणून. परवा रुग्णालयाच्या पहारेकरीण बाईनं मूल फाटकाशी सावलीत झोपवलं आणि गाडी मागे घेणाऱ्याला ते दिसलंच नाही. थोडक्यात वाचलं."

"हो, ते बरोबर आहे," मधला म्हणाला.

"माझं दुकान रस्त्यावर आलं तर?" थोरला त्याच्याकडे वळला. "पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकी आहे. तिचं काय?"

"हो, तेही बरोबर आहे."

"अरे, तुझं तुला काही वाटतं की नाही?"

"वाटतं ना," मधला म्हणाला. "चहा करावा असं वाटतं." आणि तो खरंच उठायला लागला, तेव्हा वहिनीनं मान वर न करता "बसा भाऊजी" म्हटलं. तो बसला.

आईनं हात वर केला. ती सावकाश, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं बोलायची हल्ली. सगळे म्हणत, वय झालं. "मी सांगते काय काय बदलेल ते. त्या पाहणीवाल्या बाईंनी सगळं दाखवलं मला. खिडक्यांना जाळ्या बसतील. हात धुवायची बेसिनं पोरांच्या उंचीला येतील. अंगणात उतरायला उतार, म्हणजे त्या शिंपीणबाईंच्या थोरल्या मुलाची चाकाची खुर्ची..."

आत कुणीतरी रडायला लागलं.

शिंपीणबाईंचं आठ महिन्यांचं बाळ. आधी किरकिर, मग एक लांब श्वास, मग टिपेचा सूर. धाकटीनं आईकडे पाहिलं. आई बोलत होती.

"...खुर्ची सरळ आत येईल. उचलून घ्यायला नको. माझी कंबर गेली आहे त्यात. आणि ते लोक झोपायच्या खोलीत..."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. बाळाचा श्वास अडकला आणि पुन्हा सुटला. दाराला पाठ लावून बसलेली आई झोपायच्या खोलीतल्या पंख्यांबद्दल सांगत होती. धाकटीला उठता येईना. उठलं तर सगळ्यांना कळेल, असं काहीतरी तिच्या मनात होतं, आणि ते किती खुळचट आहे हेही कळत होतं, कारण सगळ्यांना कळलंच होतं. मधला तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता.

थोरला उठला. बुटकी खुर्ची मागे कलंडली. तो आईच्या बाजूनं आत गेला आणि बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आला. बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता, डोकं घामानं भिजलं होतं.

आईनं वर पाहिलं. बाळ पाहिलं. मग एकेकाचं तोंड पाहिलं. वाक्य अर्धंच राहिलं.

"कधीपासून?" थोरल्यानं विचारलं.

आईनं त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि बाळाचा लोंबता पाय हातात धरला.

तो बहिणीकडे वळला. "तुला माहीत होतं. तुझ्या तोंडावरच दिसतंय. किती दिवस?"

"आठ."

"आठ दिवस! आणि मला सही करायला सांगत होतीस? दुसऱ्यांची पोरं आहेत आत. तुझी आहे. तू नर्स आहेस ना?"

धाकटीनं बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर थोरला पाठ वळवून त्याला थोपटत राहिला.

"दादाचं बरोबर आहे," मधला पुटपुटला. या खेपेला त्याला कुणी हसलं नाही.

"विषय संपला," थोरला म्हणाला. "आई उद्यापासून वर राहील. पाळणाघर बंद. आणि अगदीच गल्लीचं अडत असेल, तर नवी जागा मिळेपर्यंत चार-सहा महिने... ही आहे ना घरीच." त्यानं हनुवटीनं बायकोकडे खूण केली. "ही बघेल."

आणि धाकटीच्या मनात आलं, खरंच की. वहिनी आहे. हा विचार इतका सहज आला, इतकं हायसं वाटलं, की क्षणभर तिनं श्वासही मोकळा सोडला.

"नाही," वहिनी म्हणाली.

परात बाजूला सरकवून ती उभी राहिली. पदरावरचे मटाराचे दोन दाणे खाली पडले.

"काय नाही?" थोरल्याला कळलंच नाही.

"मी नाही बघणार. चार-सहा महिने नाही आणि चार दिवसही नाही." ती ओरडत नव्हती. तिला ओरडताना कुणी कधी ऐकलंच नव्हतं. "मघापासून बोलताय सगळे. भिंत कुणाची, भाडं कुणाचं, पैसा कुणाचा. मला एकानं विचारलं नाही. आणि आता अडल्यावर, ही आहे ना घरीच. मी घरी का आहे, ठाऊक आहे कुणाला?"

"अगं, आत्ता तो विषय..."

"हाच विषय आहे. मी नकाशे काढायचे. दुमजली शाळेचा पूर्ण आराखडा माझ्या हातचा होता, साहेब दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. धाकट्या लेकाच्या वेळी तीन महिन्यांची रजा संपली आणि मी याच खोलीत आले." ती सासूच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर, शब्दन् शब्द दिसेल अशी. "तुम्हाला विचारलं, आई, याला ठेवून घ्याल का? तुम्ही म्हणालात, एकच जागा आहे, ती गिरणीतल्या बाईला दिली. तू काय, वरच राहतेस, तुझं चालेल."

आई हलली नाही. "तिला घरी बसून परवडणार नव्हतं," ती म्हणाली. "तुझं चालेल असं मला वाटलं."

"चाललं ना. अठरा वर्षं चाललं."

बाळ आता नुसतं हुंदके देत होतं. थोरला त्याला थोपटायचा थांबला होता.

"मी चुकले," आई म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं मला, कुणाचं तरी चुकतंय. जागा बारा आणि दारात तीस बायका. कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, हे अडतीस वर्षं मी एकटीनं ठरवत आले. त्यात घरच्या माणसाला नाही म्हणणं सोपं जायचं. घरची माणसं भांडत नाहीत. म्हणून तर पालिकेकडे गेले."

"तू गेलीस?" थोरल्यानं आईला विचारलं आणि तो धाकटीकडे वळला. "अर्ज हिनं केला ना?"

"मी नाही," धाकटी म्हणाली. ती खरं तर इतके दिवस समजत होती की मधल्यानं केला असेल. मधला मान हलवत होता, आपण नव्हे.

"मी केला. गेल्या वर्षी," आई म्हणाली. "ऐकू कमी यायला लागलं, त्याच महिन्यात. बंद करावं तर बारा घरांतल्या बायकांनी जायचं कुठं? चालू ठेवावं तर हे असं. मदतनीस बाईला सांगितलं होतं मी. आम्ही दोघीच जाणत होतो. ती नसली की दुपारी मी पोरांच्या मध्ये आडवी व्हायचे. एक हात एकाच्या पाठीवर, एक पाय पाळण्याला. हललं की कळायचं. आज तुम्ही आलात म्हणून बाहेर बसले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुलूप लावलं असतंस. आत्ता लावतोयसच."

धाकटीनं आईचा हात धरला आणि तिच्याकडे तोंड केलं. हे तिलाच बोलायचं होतं, आठ दिवस उशिरा का होईना. "आई, हात पाठीवर ठेवणं पुरत नाही. बाळाचा श्वास कोंडला तर हलत नाही ते. नुसतं निळं पडतं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर काढली नाही. "माहीत आहे गं," ती म्हणाली. "म्हणून तर झोप नाही मला वर्षभर."

थोरल्यानं जवळ उभ्या असलेल्या मधल्याच्या हातात बाळ दिलं आणि तो बाहेर पडला. सही न करता. फाटक आपटल्याचा आवाज आला. मधला दोन्ही हात लांब धरून, काचेचं भांडं धरावं तसं बाळ धरून उभा राहिला, आणि बाळानं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं.

*

रविवारी सकाळी धाकटी मदतनीस बाईंच्या घरी गेली आणि सोमवारपासून त्यांनी पूर्ण वेळ थांबायचं पक्कं करून आली. तान्ह्या मुलांजवळ आईला एकटं ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही. मदतनीस बाई म्हणाल्या, "मी मावशींना कितीदा म्हटलं, सांगून टाका." मग धाकटी मुलांच्या आईबापांना भेटायला एकेका घरी गेली. हे सगळ्यांत अवघड. शिंपीणबाईंनी ऐकून घेतलं, बाळाला छातीशी घट्ट धरलं, आणि विचारलं, "पण बंद नाही ना करणार?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

दुकान रविवारी बंद असायचं, पण थोरला तिथंच सापडला. अर्धं दार वर करून, चष्म्यांच्या फ्रेमा खोक्यात भरत बसला होता. तिला पाहून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"सही मागायला आलीस."

"हो."

"निदान खोटं तरी बोलत नाहीस आज."

तो खोक्यात कागदाचे बोळे कोंबत राहिला.

"मला कांजिण्या आल्या होत्या, तू जन्मायच्या आधी," तो म्हणाला. "दहा वर्षांचा असेन. खाली पोरांना लागू नयेत म्हणून मला वर कोंडलं. आई दारातून ताट सरकवायची. पंधरा दिवस. खालून मला ऐकू यायचं, ती दुसऱ्यांच्या पोरांना गाणी म्हणायची ते."

"दादा..."

"राग नाही गं आता. दुसरं काय करणार होती ती? पण मला कायम वाटायचं, एक दिवस खाली माझं काहीतरी असेल. माझी पाटी लागेल." तो हसला, पण तोंडावर हसू टिकलं नाही. "दुकानाची तेवढी अडचण नाही. मागच्या गल्लीत एक खोली आहे. अंधारी आहे, पण आहे."

"वहिनी काय म्हणते?"

"बोलत नाही कालपासून. जेवण वाढते आणि जाते." त्यानं खोक्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मला वाटायचं, तिला आवडतं घरी. देवाशपथ. दिवसभर गिऱ्हाइकाला विचारत असतो, आता नीट दिसतंय का, ही काच बरी की ती? घरी कधी विचारलं नाही."

"मग विचार."

"काय विचारू? अठरा वर्षं कशी गेली?"

"तेच विचार," धाकटी म्हणाली. "आणि दादा, काल तू म्हणालास ना, ही बघेल, तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. लाज वाटते मला. मी पण तिच्याच जिवावर निर्धास्त झाले होते."

निघताना सहीचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही नाही. रस्त्यावर आल्यावर तिला वाटलं, मागे जाऊन सरळ विचारावं. चार पावलं मागे गेलीही. पण शेजारणीकडून चिंगीला आणायची वेळ झाली होती.

*

सोमवारी पालिकेच्या कचेरीत लाकडी बाकावर आई, मधला आणि धाकटी सव्वातीनपासून बसले होते. मोठ्या सिस्टरबाईंनी "सोमवार म्हणजे सोमवारच" अशी आठवण करून दिली होती. धाकटी दर पाच मिनिटांनी उठून जिन्यापर्यंत जायची, खाली वाकून बघायची, परत यायची. बाकाचा एक पाय डुगडुगत होता आणि मधला सारखा हलत होता, त्यामुळे बाकही.

"स्वस्थ बस रे," ती म्हणाली.

"बसतो." तो बसला. आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाला, "मी सही करणार आहे. दादा आला तरी आणि नाही आला तरी. मला वाटतं ते."

धाकटीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

पावणेपाचला जिन्यावर थोरला दिसला. एकटाच. शर्ट इस्त्रीचा होता आणि धाप लागली होती.

"वहिनी?"

"तिला वाटेत सोडलं. जुन्या साहेबांच्या मुलाकडे." तो घाम पुसत म्हणाला. "आता नकाशे सगळे संगणकावर काढतात म्हणे. तिला शिकावं लागेल, सहा महिने. ती म्हणाली, शिकेन. काल संध्याकाळी बोलली. बरंच बोलली. चांगलं बोलली असं नाही."

"आणि सही?"

"ती म्हणाली, सही कर. पगारी बायका आल्या म्हणजे या घरातल्या बाईला फुकट धरता येणार नाही. मी म्हटलं बरं." तो आईकडे बघेना. "चला, पाचला बंद करतील हे लोक."

आतल्या बाई घाईत होत्या. टेबलावर फायलींचा ढीग होता, दारापाशी शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता. बाईंनी फाइल उघडली आणि खाली मान घालून, लिहिता लिहिता, प्रश्न विचारायला सुरुवात केली. मालक किती, कोण कोण, संमती स्वखुशीची ना? मधला सगळ्याला हो म्हणाला, आणि या खेपेला ते बरोबर होतं. एकेकाच्या सह्या झाल्या. थोरल्यानं पेन घेतलं, कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि केली.

"आता आजी तुम्ही," बाई कागदातच बघत म्हणाल्या. "किती वर्षं चालवताय?"

आईची नजर बाईंच्या भांगावर होती. ओठ दिसतच नव्हते.

"आजी, अनुभव किती वर्षांचा?" बाईंचा आवाज जरा चिडका झाला.

धाकटी पुढे व्हायच्या आत थोरला टेबलाशी वाकला.

"बाई, जरा वर बघून बोला," तो म्हणाला. "माझ्या आईला ऐकू येत नाही. ओठ दिसले की सगळं कळतं तिला."

हे वाक्य आईच्या देखत पहिल्यांदाच कुणीतरी परक्यापुढे उच्चारलं होतं. आईनं त्याच्याकडे पाहिलं, त्याचे ओठ वाचले, आणि तिचा चेहरा आधी कडक झाला आणि मग हळूहळू सैल पडला, दिवसभर धरलेलं ओझं खाली ठेवावं तसा.

बाईंनी पेन ठेवलं, मान वर केली. "माफ करा हं. अनुभव किती?"

"अडतीस वर्षं."

"प्रशिक्षण?"

"नाही. तेव्हा कुठं होतं?"

"तान्ह्यांजवळ तुम्हाला ठेवता येणार नाही. कळतंय ना? नव्या बायका येतील."

"मीच मागितल्या आहेत," आई म्हणाली. तिनं सही केली. अक्षर मोठं, एकेक वळण जपून काढलेलं. मग पेन परत न देता तशीच बसली.

बाईंनी शेवटचा रकाना भरायला घेतला. या खेपेला त्यांनी आधी वर पाहिलं. "केंद्र सुरू झाल्यावर तुम्ही काय करणार, आजी?"

आईनं थोरल्याकडे पाहिलं, मधल्याकडे, धाकटीकडे.

"रिकामं सोडा ते," ती म्हणाली. "सकाळपासून मीही तेच शोधतेय."

बाईंनी रकाना रिकामा सोडला आणि शिक्का मारला. शिपायानं दिवे मालवायला सुरुवात केली. चौघं जिना उतरायला लागले. थोरला पुढे, आईचा हात त्याच्या दंडावर. मागे धाकटीनं उतरता उतरताच फोन काढला आणि मोठ्या सिस्टरबाईंना सांगितलं की ती कक्षाची जबाबदारी घेतेय, सकाळी सात ते संध्याकाळी सात.